उघडलेला डबा

मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते, आणि तिथं मी 'दूध तपासते' असा आमच्या शिरूर कासारकडच्या सगळ्या नातेवाइकांचा पक्का समज आहे. लग्नाला गेले की कोणीतरी मावशी पेला घेऊन येते आणि माझ्या नाकापुढे धरते. "बग गं, पानी हाय का यात." मी म्हणते, मावशी, तोंडाला लावा, तुमालाच कळंल. त्यावर तिचा चेहरा पडतो. एवढी शिकली आणि एका घोटाचं काम करीना, असं पुटपुटत ती पेला परत नेते. एका चुलत्यांनी तर म्हशीच्या दुधाची बाटली एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवली होती. माझ्यापर्यंत पोचेतो तिचं दही झालं होतं. मी फोन करून सांगितलं, काका, दही झकास लागलंय. तेवढ्यावर ते खूश झाले.

खरं म्हणजे साधं दूध माझ्याकडे येतच नाही. येते ती बाळांची पावडर, आईचं दूध मिळत नाही त्यांच्यासाठी डब्यातून विकतात ती. दिवस भरायच्या आत जन्मलेल्यांची वेगळी असते, ज्यांना दूधच पचत नाही त्यांची वेगळी, नळीवाटे अन्न घेणाऱ्या आजाऱ्यांची आणखी वेगळी. डब्यावर जे छापलंय ते आत आहे का, आणि जे नको ते आत नाही ना, हे आम्ही बघायचं. प्रथिनं किती, चरबी किती, ओल किती, लोह किती, कुठून शिसं तर आलं नाही ना. मोठ्या माणसाच्या जेवणात सकाळी काही कमी पडलं तर तो संध्याकाळी भाकरीबरोबर दुसरं काही खाऊन भरून काढतो. बाळाला दुसरं काही नसतं. तो डबा हेच त्याचं ताट. म्हणून त्याचे नियम कडक. बाकीच्या खाण्यात थोडेफार जंतू चालून जातात, बाळाच्या पावडरीत काही जंतूंना अजिबात माफी नाही.

त्यातला एक जंतू भलता चिवट आहे. त्याचं नाव अवघड आहे आणि इथं त्याची गरज नाही. कोरड्या पावडरीत तो न खाता न पिता महिनोन्महिने पडून राहतो. तुम्हाआम्हाला सहसा काही करत नाही. कोवळ्या बाळाच्या रक्तात शिरला तर थेट मेंदूपर्यंत जातो. असा एखाददुसरा जंतू मूठभर पावडरीत शोधून सापडायचा नाही, म्हणून आम्ही त्याचे लाड करतो. पावडर पातळ करायची, त्याला आवडेल असं खाद्य त्यात घालायचं, आणि अंगाला लागते तेवढीच ऊब ठेवलेल्या कपाटात ती बाटली ठेवून द्यायची. आत एक जरी असला तरी सकाळपर्यंत त्याची मोजता येणार नाही एवढी प्रजा होते. मग ते आणखी एका बाटलीतून खास तयार केलेल्या ताटलीवर पसरायचं. जंतू असेल तर हिरवट-निळे ठिपके उगवतात, नसेल तर ताटली कोरी राहते. कोरी राहिली की अहवालात लिहायचं, 'आढळले नाही'. नव्याने कामाला लागलेल्या पोरापोरींना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावते. कपाट गार पडू देऊ नका. गार पडलं तर जंतू वाढणार नाही, आणि असूनसुद्धा दिसणार नाही.

हे शब्द मी इतक्या वेळा बोललेय, की बोलताना माझं लक्ष डब्याच्या झाकणाकडे किंवा घड्याळाकडे असायचं.

माझी बहीण माझ्याहून लहान. आमचे आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की गाव सोडायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. मी लहानपणी सारखी आजारी पडायचे, उसाच्या फडावर ताप येऊन पडले तर आईचा दिवस बुडेल, म्हणून मला गावाकडच्या वसतिगृहात ठेवलं. बहीण ठणठणीत होती, म्हणून तिला बरोबर नेलं. मी शिकले आणि ती आठवीत थांबली, यात माझी हुशारी फारशी नव्हती. माझे टॉन्सिल्स खराब होते, एवढंच. हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करतेय.

तिचं लग्न झालं तेही तोडणीला जाणाऱ्या घरात. नवरा चांगला आहे. कमी बोलतो, पण तिच्यावर हात उचलत नाही आणि पितही नाही, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या मते तो देवमाणूस. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. झालं ते तोडणीच्या हंगामात, पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात. मुलगा. थोडा आधीच आला होता आणि वजनाला कमी होता, पण रडायचा खणखणीत. फोनवर त्याचा आवाज ऐकवायला तिने मुद्दाम त्याला चिमटा काढला होता, असं ती नंतर हसत सांगायची. त्याचं नाव ठेवलं होतं. ते मला इथं लिहवत नाही.

थोड्याच दिवसांत तिच्या छातीत गळू झालं. ताप, ठणका, मग ऑपरेशन. दूध आटलं. डॉक्टरांनी पावडर लिहून दिली आणि नवऱ्याने गावातल्या औषधाच्या दुकानातून ती आणली. तिने मला फोन केला. आवाजात लाज होती. आमच्याकडे त्याला 'वरचं दूध' म्हणतात, आणि लेकराला वरचं दूध पाजावं लागणं म्हणजे आईत काहीतरी उणं आहे, असं बायका धरून चालतात. मी तिला म्हटलं, लाजतीस कावून? असलीच पावडर मी रोज तपासते, चांगली असते. मग मी तिला सगळं सांगितलं. पाणी उकळून घे. चमचा डब्यातलाच घे आणि सपाट भर. बाटली उकळ. हात धू. दर वेळेला ताजं कर. उरलेलं दूध परत पाजू नको, फेकून दे. ती प्रत्येक वाक्याला "हो आक्का" म्हणत होती. हे सगळं तिने तिला समजलं तसं केलं, याबद्दल मला आजही शंका नाही. ती लहानपणापासून तशीच. तिला भांडी घासायला दिली तर बुडाकडचं काजळ जाईपर्यंत उठायची नाही.

नंतर अधूनमधून व्हिडिओ यायचे. कोपीच्या दारात, म्हणजे पाचटाने शाकारलेल्या त्यांच्या झोपडीच्या दारात, ती त्याला मांडीवर घेऊन बसलेली. गाल भरत चालले होते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वजन करून तिला शाबासकी दिली होती, ते तिने मला तीन वेळा तरी सांगितलं. मी तिला चिडवायचे, आता तुलाच नर्स करतील.

मग एका दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. बाळ दूध ओढत नव्हतं, अंग तापलं होतं, टाळू फुगून वर आली होती. टाळू वर आली हे ऐकलं आणि माझ्या हातातली काचेची कांडी मी खाली ठेवली. मी म्हटलं, जीप करा, मोठ्या दवाखान्यात न्या, वाट बघू नका. त्यांनी नेलं. मी निघाले, पण मी पोचायच्या आत बाळ गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात जंतू होते आणि ते डोक्यापर्यंत गेले होते. त्याला तिथंच, त्या कारखान्याच्या गावाबाहेर पुरलं. त्याची बाटली, झबली आणि तिने शिवलेली छोटी गोधडी त्याच्याबरोबर दिली. गावाकडे आणायला काहीच उरलं नाही.

बहिणीला गावी आणलं. नवऱ्याला परत तोडणीच्या टोळीत जावं लागलं. तो निघाला तेव्हा तिच्याकडे बघत नव्हता, रागाने नव्हे, त्याला रडू येत होतं म्हणून.

मी आठवडाभर तिच्याजवळ राहिले. घरात बायकांची ये-जा चालू होती. आमच्याकडच्या बायका दुःखाच्या घरी येतात तेव्हा मनापासून रडतात, हे खरं. आणि पदराने डोळे पुसता पुसता बोलूनही जातात, हेही खरं. "अंगावरचं असतं तर वाचलं असतं." "डब्यातलं काय खरं हाय, काय घालत असतील त्यात." "आमच्या लेकरांनी कधी डबा बगितला न्हाई." एकीने तर विचारलं, "तुज्या भैनीला ठावं व्हतं ना डब्यातलं समदं?" मी तिथंच बसले होते. माझा संताप झाला, पण आल्यागेल्याशी भांडायचं ते घर नव्हतं. बहीण भिंतीला टेकून ऐकत राहायची.

मी निघायच्या दिवशी तिने ट्रंकेतून एक पिशवी काढली. आत तो डबा होता. झाकणावर जुन्या साडीचा तुकडा घट्ट बांधलेला. तिने डबा पुरायला दिला नव्हता.

"आक्का, तुज्याकडं मशिनी हायत," ती म्हणाली. "यात काय व्हतं ते बग."

मी डबा हातात घेतला. अर्ध्याच्या खाली गेला होता.

"दुकानवाल्यानं खराब डबा देला आसंल," ती म्हणाली. "न्हाईतर लेकरू कावून जाईल? मी कायबी कमी केलं न्हाई. तू सांगितलतं तसंच केलं."

ती मग मला तिचा दिवस सांगायला लागली. मी विचारलं नव्हतं. तिला कोणालातरी सांगायचं होतं, आणि घरात आलेल्या बायकांपैकी कोणी विचारलं नव्हतं. टोळी अंधार असतानाच फडावर जायची. ऑपरेशननंतर ती तोडत नव्हती, पण मोळ्या बांधायला जावंच लागायचं, नाहीतर नवऱ्याचं काम अडायचं. फडात चूल पेटवू देत नाहीत. सगळीकडे वाळलेलं पाचट असतं, एक ठिणगी पडली तर अख्खा ऊस जळायचा, मुकादम विडीसुद्धा बांधाच्या पलीकडे जाऊन ओढतो. मग पाणी गरम कुठं करणार? म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठायची. पाणी खळखळून उकळायची. ते कोमट होऊ द्यायची, कारण फार गरम पाण्यात पावडरीच्या गाठी होतात. डब्यातल्या चमच्याने सपाट मोजून दिवसभराचं दूध एकदम करायची आणि थर्मासात भरायची. थर्मास गोधडीत गुंडाळायची, आणि बाळाच्या टोपलीत त्याच्या पायाशी ठेवायची. बाळ ट्रॉलीच्या सावलीला झोपायचं. रडलं की ती धावत यायची, बाटलीत ओतून पाजायची. बाटलीत उरलेलं लगेच मातीत ओतून टाकायची. "तू म्हनलतीस ना, उरलेलं पाजायचं न्हाई. यकदा बी न्हाई पाजलं."

बाटलीत उरलेलं ती टाकतच होती. थर्मासातलं तिच्या लेखी त्याच पहाटेचं, ताजंच होतं, उरलेलं नव्हतंच. ते राखलेलं होतं.

"थंडी लई व्हती तिकडं," ती म्हणाली. "पन यकदा बी गार दूध पाजलं न्हाई म्या. संध्याकाळपतुर कोमट राहायचं बग. लेकराला गार बाधंल म्हनून लई जपलं."

मी डब्याकडे बघत राहिले. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. ऊब, खाद्य, आणि वेळ. प्रयोगशाळेत मी जे मुद्दाम करते, तेच ती पोटच्या लेकरासाठी रोज करत होती, आणि माझ्यापेक्षा मन लावून करत होती.

मी तिला म्हटलं, बघते. थर्मास कुठं आहे, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला तेव्हाच कळलं असतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख एक मॅडम आहेत. बाई शिस्तीच्या. दुसऱ्याच्या टेबलावरचं पेनसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाहीत. मी त्यांच्यापुढे डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"उघडलेल्या डब्याचा अहवाल आपल्याला देता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुला हे मी सांगायला नको."

नको होतंच. नमुना घ्यायचा तो सीलबंद डब्यातून, तोही एका नव्हे, अनेक. उघडून वापरलेल्या, चमचा आत-बाहेर झालेल्या, धुराच्या कोपीत राहिलेल्या डब्यात जंतू निघाले तरी ते पावडरीच्या कारखान्यातून आले की चमच्यावरून, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि नाही निघाले तरी ते फक्त आपण घेतलेल्या चिमटीत नाही निघाले. प्रमाण म्हणून ठरवलेल्या पद्धतीत हे सगळं लिहिलेलं आहे, आणि शहाण्या माणसांनी विचार करून लिहिलेलं आहे. मी मॅडमना म्हटलं, मला अहवाल नको. मला फक्त बघायचं आहे.

"आणि काय निघावं असं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"निघावेत," मी म्हटलं.

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, सरावाचा नमुना म्हणून लाव, कशावरही नोंद नको, आणि उरलेली पावडर सगळी वापर. हातचं राखू नकोस.

मी सगळी वापरली. एकाऐवजी कितीतरी बाटल्या लावल्या. इतकी वर्षं हे काम केलं, पण नमुना नापास व्हावा अशी इच्छा पहिल्यांदाच मनात धरून मी कपाटाचं दार लावलं. डबा खराब निघाला तर बहीण सुटत होती. थर्मासाने जंतू वाढवले असते तरी मूळ पाप डब्याचं, असं मला तिला सांगता आलं असतं, आणि ते निदान अर्धं तरी खरं असतं. त्या अर्ध्यावर ती उभी राहिली असती. येणाऱ्या बायकांना म्हणाली असती, माज्या भैनीनं तपासलं, डबाच खराब व्हता.

त्या दिवसांत खोटं बोलायचाही विचार मी केला. का नाही करणार? तिला कुठं ताटली दाखवायची होती? 'निघाले' एवढा एक शब्द बोलायचा होता. तिची झोप परत आली असती. पण ती अजून तरुण आहे. तिला पुन्हा मूल होईल, व्हावं असं मलाच वाटतं. तिच्या छातीवर एकदा शस्त्र लागलंय, पुन्हा दूध येईल न येईल. डबा खराब होता असं तिच्या मनाने घेतलं, तर पुढच्या वेळी ती दुसऱ्या दुकानातून दुसरा डबा आणेल, पहाटे उठून पाणी उकळेल, आणि आधीपेक्षाही जास्त जपून थर्मास गोधडीत गुंडाळेल. मी खोटं बोलून तिला वाचवलं, तर ते दुसरं बाळ कोण वाचवणार? ते अजून जन्माला आलं नव्हतं, आणि माझी बहीण तर माझ्यासमोर बसून झिजत होती. या दोघांच्यात मी काय निवडायचं, याची कुठलीही पद्धत कुणी लिहून ठेवलेली नाही.

ताटल्या बघायच्या दिवशी मी लवकर गेले. कपाट उघडलं आणि सगळ्यात वरची ताटली उचलली. तिच्यावर हिरवट-निळे ठिपके दाट उगवले होते. मला आनंद झाला. लाज वाटण्यासारखा, पोटातून उसळलेला आनंद. बहीण सुटली, एवढंच मला दिसलं. मग मी ताटली उलटी करून खालची चिठ्ठी वाचली. ती आमचीच ताटली होती. पद्धत बरोबर चालली आहे हे बघण्यासाठी आम्ही माहीत असलेला जंतू दर वेळी शेजारी मुद्दाम वाढवतो, ती. खालच्या ताटल्या एकेक करून मी उजेडात धरल्या. सगळ्या कोऱ्या होत्या. स्वच्छ. पावडर बनवणाऱ्या कारखान्यातल्या लोकांना दाखवल्या असत्या तर त्यांची छाती फुगली असती. मी भांडी धुवायच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिले आणि रडले. मॅडम आल्या, त्यांनी ताटल्या बघितल्या. माझी रजा त्यांनी न मागता मंजूर केली.

गावी गेले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. बहीण अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. बरी दिसत होती, म्हणजे केस विंचरलेले होते. मी हातपाय धुतले, पाणी प्याले, तिच्याबरोबर शेंगा फोडायला बसले. तिने लगेच विचारलं नाही. मला वाटतं, मी बसमधून उतरून चालत येताना तिने माझा चेहरा बघितला होता.

"काय निगालं?" शेवटी ती म्हणाली.

"कायबी न्हाई निगालं," मी म्हटलं. "डबा चांगला व्हता."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "समदा बगितला का?"

"समदा बगितला. चिमूटभर बी ठेवला न्हाई."

"मंग कुटून आले जंतू?"

मी ठरवून आले होते, की आधी इकडचं तिकडचं सांगायचं, हवेत असतात, पाण्यात असतात, कुणालाही ओळखू येत नाहीत. ते सगळं मी सांगितलं. ती थांबून ऐकत होती. मग मी थर्मासाचं सांगितलं. त्याच्या बुचाला रबराची कडी असते, तिच्याखाली ओल राहते, कितीही घासलं तरी तिथं हात पोचत नाही. तिथं एखादा जरी राहिला असला, तरी केलेलं दूध उबेत ठेवलं की दिवसभरात तो वाढतो. दूध नासल्यासारखं लागत नाही, वास येत नाही, दिसत नाही. डब्यावर लिहिलेलं असतं, केलं की लगेच पाजा. पण लिहिणाऱ्यांनी चूल जवळ आहे असं धरून लिहिलंय. फडात आग लावता येत नाही, हे त्यांना कुठं ठाऊक? तुझ्या जागी मी असते तरी हेच केलं असतं, असं मी तिला म्हटलं. हे खरं होतं का, मला माहीत नाही. मी कधी फडावर राहिलेच नाही.

"उबेनं वाढले," ती म्हणाली.

"हो."

तिने शेंगा बाजूला केल्या. मांडीवरची टरफलं झटकली.

"गार पाजलं असतं तर?"

मी म्हटलं, "तर येवढे वाढले नसते."

"म्हंजी जगला असता."

"तसं सांगता येत न्हाई गं. तो अशक्त व्हता, आदीच आल्ता."

"आक्का, सांग."

मी तिची मोठी बहीण आहे. आयुष्यात तिने माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही.

"बहुतेक जगला असता," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रडली नाही. रडेल असं मला वाटलं होतं, मी सरकून तिच्याजवळ बसलेही होते. ती समोरच्या बांधाकडे बघत राहिली, आणि मग अगदी साध्या आवाजात, शेजारपाजारचं काही सांगावं तशी बोलायला लागली.

"आमच्या शेजारच्या कोपीत गेवराईकडची यक बाई व्हती. तिला बी तवाच लेकरू झाल्तं. तिला बी दूध कमी. ती डब्याचं दूध करायची आन बाटली तशीच उगडी फडात घेऊन यायची. गारढोण. थंडीचं लेकराच्या तोंडात तसंच द्यायची. मी तिच्यासंगं भांडले. चारचौघींत बोलले तिला. म्हनलं, आई हायस का कोन हायस, दोन घोट कोमट करून पाजाया तुजे हात झडले का. ती रडली व्हती."

तिने बाजूची एक शेंग परत हातात घेतली.

"आमच्या ह्येंचा परवा टोळीवरनं फोन आल्ता," ती म्हणाली. "तिचा पालथा पडाया लागला."